दहाचा उणे पस्तिसावा घात आमच्या गल्लीत कुठं येतो

गेल्या रविवारी सकाळी भाची वही घेऊन आली तेव्हा पाऊस असा लागलेला की शहापुरातल्या आमच्या गल्लीत समोरच्या घराचं दारसुद्धा नीट दिसत नव्हतं. बेळगावचा जुलै, त्यात नवीन काय. ताईनं तिला वडगावातनं पिटाळलं होतं, "जा, मामाकडनं समजून घे, माझं डोकं खाऊ नको" म्हणून. मामा म्हणजे मी, उद्यमबागेतल्या कारखान्यात क्वालिटीला, दिवसभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, मोजणारा. त्यामुळं घरात कुणाला बारीक आकड्याचं काय अडलं की माझ्याकडं पाठवतात, पायात काटा मोडला की आईकडं पाठवतात तसं.

आठवीचे घातांक, त्यातले ऋणवाले. हे आकडे संख्यारेषेवर दाखवा असा प्रश्न होता आणि तिनं ते दाखवलेही होते, पेनानं, ठाम, खाडाखोड नाही. शून्याच्या डाव्या बाजूला १०^-३. (वर छोटा आकडा टाईप करायला मला जमत नाही, तेव्हा टोपीनंतर जे येईल ते वर आहे असं समजून वाचा. म्हणजे हा दहाचा उणे तिसरा घात.)

म्हटलं हे डावीकडं का?

"उणे आहे की मामा. उणे डावीकडंच जातंय की."

खोटं सांगत नाही, तिचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटलं. सातवीपर्यंत त्यांना हेच शिकवलंय, उणे दिसलं की शून्याच्या अलीकडं. आता अचानक उणे वरच्या मजल्यावर जाऊन बसलाय आणि त्याचा अर्थ बदललाय हे त्या पोरीला कोण सांगणार. मग वहीच्या मागच्या पानावर उतरत्या क्रमानं लिहून दाखवलं. १०^२ म्हणजे १००, १०^१ म्हणजे १०, १०^० म्हणजे १, प्रत्येक वेळी वरचा आकडा एकानं उतरला की खालची किंमत दहानं भागली जाते. एकावर येऊन थांबायचं असं कुठं ठरलंय? परत भाग. १०^-१ म्हणजे ०.१, १०^-२ म्हणजे ०.०१, १०^-३ म्हणजे ०.००१. हजार रुपये खिशात असले काय आणि पैशाचा हजारावा भाग असला काय, खिशात काहीतरी आहेच, कर्ज नाही झालं. सगळे शून्याच्या उजवीकडंच. तो उणे कर्जाचा नाही, किती वेळा भागलं त्याचा आहे.

हे तिला पटलं. पण पुढच्या प्रश्नात परत घोटाळा. एक रेष दिलेली, डाव्या टोकाला ०, उजव्या टोकाला १०^-५, मध्ये दहा सारखे भाग, आणि ३ × १०^-६ कुठं ते दाखवायचं. तिनं टिंब कुठं दिलं? रेष संपते त्याच्याही पलीकडं, उजवीकडं, वहीच्या समासात. का तर पाचापेक्षा सहा मोठे. आणि त्याच्या खालच्या गणितात ०.०००००७५ हे ०.००००२ पेक्षा मोठं, का तर पंच्याहत्तर दोनापेक्षा मोठे.

आता इथं मी तिला हसलो असतो पण हसायची सोय नाही, कारण असलीच चूक मी पगार घेऊन केलेली आहे. ते नंतर सांगतो.

आधी ती रेष. १०^-५ चे दहा भाग केले तर एकेक भाग केवढा? १०^-६. झालं, म्हणजे पहिली रेघ १ × १०^-६, दुसरी २ × १०^-६, तिसऱ्या रेघेवर आपलं टिंब. ०.०००००७५ म्हणजे ७.५ × १०^-६, सातव्या-आठव्याच्या बरोबर मध्ये. आणि ०.००००२ म्हणजे २ × १०^-५, म्हणजेच २० × १०^-६, तो या रेषेवर मावतच नाही, अजून एवढीच रेष पुढं जोडली तर त्या टोकाला सापडेल. दोघांना एकाच घातात आणलं की भांडण मिटतं. शून्यं मोजत बसलं की डोळे फसवतात.

हे सगळं तिनं वहीत बरोबर केलं, आणि मग पेनाचं टोपण चावत विचारलं, "पण मामा, मोठ्या रेषेवर हे कुठं येतंय? शून्य ते एकवाली?"

म्हटलं चल, हायवेवर जाऊ. मनातल्या मनात, पाऊस होता ना. शून्य ठेवू चन्नम्मा सर्कलला आणि एक ठेवू कोल्हापुरात. अंतर शंभर किलोमीटर धर, खरं दहाएक जास्त आहे पण हिशेबाला शंभर बरं. आता ०.१ कुठं? दहा किलोमीटरवर, काकतीच्या आसपास. ०.०१ एक किलोमीटरवर, म्हणजे अजून शहरातच. १०^-३ शंभर मीटरवर. १०^-४ दहा मीटर, रस्ता ओलांडलास की आलं. १०^-५ एक मीटर, तुझी छत्री आडवी धरली तर तिच्या टोकाला. १०^-६ दहा सेंटिमीटर. १०^-७ एक सेंटिमीटर. १०^-८ एक मिलिमीटर. म्हणजे बघ, निपाणी, संकेश्वर, हत्तरगी, सगळा रस्ता मोकळा पडलाय, आणि आपले सगळे बारीक आकडे तुझ्या चपलेखाली गर्दी करून उभे आहेत. साध्या संख्यारेषेचा हाच घोळ आहे, तिला मोठ्यांचं कौतुक, बारीक सगळे शून्याला चिकटलेले.

मग दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे वहीतल्या प्रश्नासारखं भिंग घेऊन शून्याजवळचा तुकडा मोठा करायचा, त्याचे दहा भाग, त्यातल्या पहिल्या भागाचे परत दहा, असं उतरत जायचं. दुसरा मार्ग म्हणजे रेषच वेगळी आखायची, जिच्यावर एक पाऊल टाकलं की दहानं भागलं. शाळेत हा दुसरा प्रकार फारसा दाखवत नाहीत. आमच्या तिकडं इंजिनिअर लोक त्याला लॉग स्केल म्हणतात आणि ग्राफ पेपर विकत मिळतो त्याचा. मी ग्राफ पेपर आणला नाही. आमच्या घरात फरशी आहे.

घर जुनं आहे, आजोबांच्या वेळचं, कौलारू, लांबट. मागची खोली आणि पुढचा सोपा, मधलं दार सरळ रेषेत, खाली दोन फुटी शहाबादी. देवघराच्या भिंतीपासून पुढच्या उंबरठ्यापर्यंत मोजून दहा फरश्या. खडू घेतला आणि भिंतीकडनं सुरुवात केली. भिंतीशी १०^०, म्हणजे एक मीटर. पहिल्या सांध्यावर १०^-१, दुसऱ्यावर १०^-२, असं करत उंबरठ्यावर १०^-१०. आई स्वयंपाकघरातनं बघत होती, अजून काही बोलली नव्हती.

मग एकेका सांध्यावर काय ठेवायचं ते शोधलं. भिंतीशी छत्री. १०^-१ ला तिचा तळवा, रुंदीत दहा सेंटिमीटरला जरा कमीच. १०^-२ ला करंगळीचं नख, साधारण एक सेंटिमीटर. १०^-३ ला राजगिऱ्याचा दाणा, डब्यातनं चोरून आणला, मिलिमीटरभर. १०^-४ ला वहीचा कागद, उभा नाही, जाडी, ०.१ मिलिमीटर. केस पण इथंच कुठंतरी, माणसामाणसात फरक असतो पण ५० ते १०० मायक्रॉन धरा. इथपर्यंत सगळं प्रत्यक्ष ठेवता आलं. १०^-५ पासनं चिठ्ठ्या लिहून ठेवल्या. रक्तातली तांबडी पेशी, सात-आठ मायक्रॉन, १०^-५ च्या किंचित पुढं. १०^-६ च्या जवळ जीवाणू. १०^-७ ला कोरोना, तो १०० नॅनोमीटरच्या आसपास (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग), त्यामुळं बरोबर सांध्यावर बसला, आणि त्या चिठ्ठीवर भाचीनं मुद्दाम पाय दिला. १०^-८ ला पेशीच्या भोवतीचं पातळ आवरण. १०^-९ ला साखरेचा एक रेणू. ती म्हणाली कुंद्यातला का? म्हटलं होय, आपल्या बेळगावी मिठाईतला, कुंद्यातला. १०^-१० ला अणू. उंबरठ्यावर अणू आला.

एवढ्याशा घरात. आता हेच साध्या रेषेवर करायचं म्हटलं, अणू निदान राजगिऱ्याएवढा तरी दिसावा म्हणून, तर सगळं १०^७ पटीनं ताणावं लागेल आणि मग एक मीटरची छत्री दहा हजार किलोमीटर होईल. गंमत म्हणजे फ्रान्समध्ये १७९० च्या दशकात मीटर ठरवला तो उलट्या बाजूनं असाच, उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर घेऊन त्याचा एक कोटीवा भाग. म्हणजे अणूचा राजगिरा करायचा तर मीटरला परत जिथनं तो कापून आणला तिथं नेऊन लावायचं, ध्रुव ते विषुववृत्त. आणि आपलं काम वीस फुटात झालं.

आता खरी गंमत सांधे सोडून मधल्या जागेची आहे आणि इथं मोठी माणसंपण फसतात, मी शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, दोघांना विचारून बघितलंय. १०^-३ आणि १०^-२ यांच्या मध्ये, म्हणजे एक मिलिमीटर ते दहा मिलिमीटर या फरशीवर, बरोबर मध्यभागी किती येणार? भाची म्हणाली पाच. शॉपमधला एकजणही पाच म्हणाला, दुसरा तर साडेपाच म्हणाला, त्याचं सरासरीचं गणित पक्कं. उत्तर आहे ३.१६. का तर या रेषेवर सारखं अंतर म्हणजे सारखी पट. मध्याला असा आकडा पाहिजे की एकाला जेवढ्या पटीनं वाढवलं की तो येतो, तेवढ्याच पटीनं त्याला वाढवलं की दहा यावेत. म्हणजे दहाचं वर्गमूळ, ३.१६२. पाच कुठं येतो? फरशी चोवीस इंचाची, एकच्या बाजूनं जवळपास सतरा इंचावर. आणि दोन सव्वासात इंचावर. एक ते दोन सव्वासात इंच आणि दोन ते चार परत सव्वासात, चार ते आठ परत सव्वासात, म्हणून नऊ-दहा तिकडं टोकाला दाटीनं उभे. तांबडी पेशी साडेसात मायक्रॉनची धरली तर ती तिच्या फरशीवर एकवीस इंच सरकून १०^-५ च्या सांध्याला जवळजवळ टेकते, ते यामुळंच.

इथं मला एक गोष्ट सापडली आणि त्या दिवशी ती मी चार जणांना फोन करून सांगितली, कुणाला विशेष वाटलं नाही, म्हणून इथं लिहितोय. आमच्याकडं सुतार, फॅब्रिकेटर, जुने टर्नर सगळे अजून सुतात बोलतात. दोन सूत, तीन सूत. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. आणि फरशीचा मध्य ३.१६२. फरक एक शतांश मिलिमीटरपेक्षा थोडासाच जास्त! मिलिमीटर आणि सेंटिमीटर यांच्या बरोबर मधोमध आमचं सूत उभं आहे. योगायोगच आहे, त्यामागं काही शास्त्र नाही हे मला कळतं, पण तिथं खडूनं 'सूत' लिहिताना बरं वाटलं.

बरं, ती चूक. सांगतो म्हटलेलं.

नोकरीचं पहिलं वर्ष, आता आहे ती कंपनी नाही, दुसरी, नाव कशाला. बेळगावात हायड्रॉलिक्सचं काम भरपूर. व्हॉल्व्हमध्ये स्पूल असतो, एका गोल भोकात मागं-पुढं सरकणारा दांडा, आणि भोक आणि दांडा यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच ठेवायची असते, घट्ट झालं तर सरकत नाही, सैल झालं तर तेल गळतं. ड्रॉइंगची झेरॉक्सची झेरॉक्स, तिच्यावर फट ०.००८ मिलिमीटर. मी तपासणीच्या कागदावर उतरवली ०.०८. शून्य पुसट होतं असं मी त्यावेळी सगळ्यांना सांगितलं. शून्य अगदीच काही पुसट नव्हतं. चाळीस स्पूल पास केले मी, सही करून. टेस्टिंगला लावल्यावर तेल असं यायला लागलं की टेस्टिंगवाल्यानं मला हाक मारून बोलावलं आणि काही न बोलता नुसतं बोट दाखवलं.

तेव्हा वाटलं दहापट फट, दहापट गळती असेल. तिथल्या सिनियरनी मग समजावलं की अशा अरुंद फटीतनं जाणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दहापट झाली की गळती दहाचा तिसरा घात, हजारपट. फटीच्या रेषेवर मी एक फरशी चुकलो होतो, गळतीच्या रेषेवर तीन. त्या दिवसापासनं मी शून्यांवर विश्वास ठेवणं सोडलं. वहीत ८ × १०^-६ मीटर लिहितो आणि मग त्याचे मायक्रॉन करतो, लोक हसतात, हसू देत. दशांश चिन्हाच्या मागं शून्यांची माळ असते ना, त्यातला एक मणी गळला तर कळत नाही. घातातला सहा गळला तर लगेच कळतं, कारण मग तिथं काही उरतच नाही.

आमच्याकडं एक जुने टर्नर आहेत, घरी कन्नड, शॉपमध्ये आमच्याशी मराठी, आणि मशीनशी दोन्ही. ते टूल पुढं घेताना नेहमी म्हणतात, "स्वल्प, स्वल्प." बेळगावात हा शब्द दोन्ही भाषांत चालतो आणि दोन्हींत त्याचं माप ठरलेलं नाही. बसमध्ये स्वल्प सरका म्हणजे वीतभर. जेवताना स्वल्प भात म्हणजे उलथनं भरून. त्यांचं मशीनवरचं स्वल्प मी एकदा मोजलं, पाच मायक्रॉन आलं. वीतभर ते पाच मायक्रॉन, एकाच शब्दात साडेचार फरश्या.

हे मापाचं चाललं असताना आईला आजोबांची डबी आठवली. आजोबा सोनार, शहापुरात सोनार काय कमी नाहीत, आणि त्यांच्या डबीत अजून गुंजा आहेत, लाल, टोकाला काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, तर गुंज ०.१२ ग्रॅमची, म्हणजे १.२ × १०^-१ ग्रॅम. ही वजनाची रेष, तिला वेगळा रंग पाहिजे म्हणून हिरवा खडू घेतला आणि शेजारनं आखली, भिंतीशी एक ग्रॅम.

गुंजेच्या खाली काय होतं माहितीय का? जुन्या संस्कृत मापांत कवडशातनं सुरुवात आहे. झरोक्यातनं ऊन आत येतं आणि त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात, त्यातला सगळ्यात बारीक कण म्हणजे त्रसरेणू, हे पहिलं माप. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, म्हणजे आपली लीख, उवेची. तीन लिक्षांची एक काळी मोहरी, तीन काळ्या मोहऱ्यांची एक पांढरी मोहरी, सहा पांढऱ्या मोहऱ्यांचा एक जव, तीन जवांची एक गुंज. गुणून बघा, एका गुंजेत १२९६ त्रसरेणू. काय सुंदर शिडी आहे, धूळ, लीख, मोहरी, जव, गुंज, सगळं घरात सापडणारं. फक्त पायऱ्या सारख्या नाहीत, आठ, तीन, तीन, सहा, तीन. शिडी चढताना प्रत्येक पायरी लक्षात ठेवावी लागते, दहाच्या घातात ती कटकट नाही.

मग साहजिकच मी त्रसरेणूचं वजन काढलं. ०.१२ ग्रॅम भागिले १२९६, साधारण ९.३ × १०^-५ ग्रॅम. आमचं कौलारू घर, उन्हाळ्यात कवडशांना तोटा नाही, आणि त्या कवडशात दिसणारा कण २० मायक्रॉनचा आणि वाळूच्याच दगडाचा धरला तर त्याचं वजन येतं १०^-८ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जुन्या लोकांचा अंदाज चार फरश्या जड. पण मी म्हणतो, तराजूशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, उन्हातल्या धुळीला वजन आहे आणि ते मोजायला पाहिजे हे सुचणं हीच मोठी गोष्ट, चार फरश्यांचं काय एवढं. त्या मानानं मी एका फरशीत चाळीस स्पूल घालवले.

सोन्याचा अणू हिरव्या रेषेवर कुठं, हे पण तिनं विचारलं. ३.३ × १०^-२२ ग्रॅम. तो घरात येईना, गल्लीतच जाणार. एका गुंजेएवढ्या सोन्यात ३.७ × १०^२० अणू, हे ऐकून आई म्हणाली, "एवढं असतंय आणि सराफ घट कापून घेतोय."

तोपर्यंत पाऊस जरा उघडला होता आणि भाची उंबरठ्यावर उभी, बाहेर बघत. "अणूच्या पुढं काय?"

पुढं बराच वेळ काही नाही, हे मला सांगायला फार आवडतं. अणूच्या मधोमध केंद्र असतं, आणि त्यातला प्रोटॉन १०^-१५ मीटरच्या घरातला. उंबरठ्यापासनं पाच फरश्या, दहा फूट. पायरी उतरा, गटार ओलांडा, लाईटच्या खांबाजवळ या. मध्ये सांध्यावर ठेवायला एकही गोष्ट मला सुचली नाही. नावं मात्र आहेत, १०^-१२ ला पिको, मग १०^-१५ ला फेम्टो. फेम्टो हे डॅनिश भाषेतल्या पंधरावरनं घेतलंय, १९६४ पासनं अधिकृत. २०२२ मध्ये अजून खालची दोन नावं आली, रोंटो १०^-२७ साठी आणि क्वेक्टो १०^-३० साठी. इलेक्ट्रॉनचं वजन ९.१ × १०^-२८ ग्रॅम, म्हणजे एका रोंटोग्रॅमच्या जरा आतच.

"आणि शेवट? शेवटची फरशी?"

म्हटलं शेवट असा नाही, पण भौतिकशास्त्रवाले एका ठिकाणी थांबतात, प्लँक लांबी, १.६ × १०^-३५ मीटर. कुणी मोजलेली नाही, गणितातनं निघालेली आहे, त्याच्या खाली लांबी या शब्दालाच अर्थ राहतो का अशी शंका आहे. पस्तिसाव्या सांध्याच्या थोडं अलीकडं.

"आणि शून्य?"

हा प्रश्न यायला एवढा वेळ का लागला असं मला वाटलं, मी पहिल्या फरशीपासनं वाट बघत होतो. शून्य नाही. या रेषेवर शून्य नाहीच. दहानं भागत कितीही फरश्या चाललीस, अनगोळला गेलीस, तिथनं खानापूरला गेलीस, तरी काहीतरी उरणारच, शून्य येणार नाही. साध्या रेषेवर शून्य हाताशी होतं आणि बारीक आकडे दिसत नव्हते, इथं बारीक आकडे एकेक करून दिसतात आणि शून्य हरवलंय. दोन्ही एकदम मिळत नाही. आमच्याकडं डायल गेजवर, म्हणजे काट्याच्या मापकावर, शून्य असतं खरं, पण ते आम्हीच ठरवलेलं असतं, खाली स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचा ठोकळा, ठेवायचा आणि डायलची रिंग फिरवून काट्याखाली शून्य आणायचं. मी चौदा वर्षं रोज सकाळी शून्य सेट करतो आणि खरं शून्य अजून एकदाही बघितलेलं नाही.

तिनं ऐकलं की नाही माहीत नाही. छत्री उचलली, म्हणजे १०^० च उचललं, आणि निघाली बाहेर. तिची एक ढांग साधारण दोन फूट. मी उंबरठ्यावरनं बघतोय आणि ती मोठ्यानं मोजतेय, अकरा, बारा, तेरा, खांबाशी पंधरा म्हणून जरा थांबली, मग पुढं, शेजारची स्कूटर, सव्वीस, सत्तावीस, एका डबक्याला वळसा घालून, तीस, एकतीस. गल्लीतली दोन पोरं पण मागनं मोजत चाललेली, कशाचं मोजतोय ते माहीत नसताना. पस्तीस म्हणून ती थांबली ती बरोबर पिठाच्या गिरणीच्या पायरीसमोर, आणि तिथनं ओरडून सांगितलं, "मामा, गिरणी आली!"

परत आली तर अर्धी भिजलेली. आईनं तोपर्यंत सोप्यात पोछा मारायला घेतला होता, १०^-४ पर्यंत सगळं पुसून झालेलं, राजगिऱ्याचा दाणा गायब. भाचीकडं न बघताच म्हणाली, "गिरणीपर्यंत गेलीसच होतीस तर कालचं दळण तरी आणायचंस."